झिजलेल्या दातांची रंगीत तालीम

दात झिजलेत हे आरशात कळत नाही, जुन्या फोटोत कळतं. वीस वर्षांपूर्वीच्या फोटोत हसताना वरच्या दातांच्या कडा खालच्या ओठाला टेकायला आलेल्या असतात. आज तोच माणूस तेवढंच हसतो आणि ओठांमधून दात जेमतेम डोकावतात. झीज इतकी सावकाश होते की रोज पाहणाऱ्या डोळ्यांना ती दिसतच नाही. निरोगी तोंडातही दाढांचं वरचं कवच वर्षाला साधारण ४० मायक्रॉनपर्यंत झिजतं, म्हणजे केसाच्या निम्म्या जाडीइतकं. ही वयाची झीज, ती चालायचीच. काळजी वाटते ती पस्तिशी-चाळिशीतच दात निम्म्यावर आलेल्या माणसाची. त्याच्या दातांचा आतला पिवळा भाग उघडा पडलेला असतो, थंड पाण्याने कळ येते, कडांचे टवके उडत असतात.

असं अख्खं तोंड पुन्हा उभं करणं हे दंतवैद्याच्या सगळ्यात अवघड कामांपैकी एक. कॉम्प्युटर आणि स्कॅनर आल्याने ते सोपं झालं, असं मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट शक्य झाली, आणि माझ्या मते बाकी सगळ्या सोयींपेक्षा ती मोठी आहे. दाताचा कणही न कापता नवे दात आधी तोंडात घालायचे, त्यांनी काही आठवडे जेवायचं, बोलायचं, झोपायचं, आणि पटलं तरच ते कायमचे करायचे. नाटकाची रंगीत तालीम असते, तशी ही दातांची.

पण तालमीआधी संहिता वाचावी लागते. दात झिजले कशाने?

दाताचं वरचं कवच म्हणजे इनॅमल. वजनाने ते सुमारे ९६ टक्के खनिज आहे आणि शरीरात त्याच्याइतकं कठीण दुसरं काही नाही. दाढेच्या टोकावर ते सगळ्यात जाड असतं, तेही जेमतेम अडीच मिलिमीटर. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येतानाच संपून जातात. म्हणून मोडलेलं हाड जुळतं, फाटलेली कातडी भरून येते, गेलेलं इनॅमल मात्र परत येत नाही. त्याच्या खाली असतं डेंटिन. ते बरंच मऊ असतं आणि त्यात नसेपर्यंत जाणाऱ्या असंख्य बारीक नळ्या असतात. इनॅमल फुटून डेंटिन उघडं पडलं की झिजेचा वेग वाढतो आणि दातावर वाटीसारखे खड्डे पडू लागतात.

कारणं मुख्यतः तीन. दातावर दात घासणं, म्हणजे बहुतेक वेळा झोपेत दात खाणं. बाहेरच्या वस्तूने घासणं, जसं जोर लावून ब्रश करणं किंवा कडक वस्तू चावत राहणं. आणि आम्ल. तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधलं खनिज विरघळू लागतं. कोलासारख्या पेयांचा पीएच २.५ च्या आसपास असतो, आणि जठरातून वर येणाऱ्या आम्लाचा तर १ ते २. आम्लाने मऊ झालेल्या दातावर लगेच ब्रश फिरवला किंवा दात खाल्ले, तर एकट्या कारणाने होईल त्याहून जास्त नुकसान होतं. अतिझिजेच्या तोंडात ही कारणं सहसा एकेकटी सापडत नाहीत.

झिजेची जागा मात्र बरंच काही सांगते. वरच्या पुढच्या दातांची टाळूकडची बाजू विरघळून गुळगुळीत झाली असेल, तर पित्त वर येण्याचा त्रास आहे का, वारंवार उलट्या होतात का, हे हळुवारपणे विचारावं लागतं. कधी कधी छातीत जळजळ नसते, आणि जठराच्या आजाराची पहिली खूण दंतवैद्यालाच दिसते. वरच्या आणि खालच्या दातांवर एकमेकांत नेमके बसणारे सपाट, चकचकीत पट्टे असतील, तर दात खाण्याची सवय. जुनं फिलिंग बेटासारखं उंच उभं आहे आणि भोवतीचा दात खाली गेलाय, असं दिसलं तर आम्ल, कारण फिलिंगवर आम्लाचा तेवढा परिणाम होत नाही. हे न शोधता दात बांधायला घेणं मला चुकीचं वाटतं. जे इनॅमलला संपवतं, ते कालांतराने नव्या कामाच्या कडाही पोखरतं.

आता खरी अडचण. कुणालाही वाटेल, दात दोन मिलिमीटर झिजला तर त्यावर दोन मिलिमीटर भर घालायची, झालं. पण झिजलेला दात आपल्या जागी थांबत नाही. झीज सावकाश असेल तर दात हाडासकट आणि हिरडीसकट सरकत समोरच्या दाताला भेटायला येतो. शरीराच्या दृष्टीने हे शहाणपणाचं आहे, त्यामुळे चावणं चालू राहतं. पण त्यामुळे भर घालायला जागाच उरत नाही. दात आखूड झालेत, तरी तोंड मिटलं की ते एकमेकांना टेकलेलेच असतात.

मग जागा करायची कुठून? अख्ख्या चाव्याची उंची वाढवायची, म्हणजे तोंड मिटल्यावर दोन्ही जबड्यांमध्ये राहणारं अंतर वाढवायचं. जबडा कानासमोरच्या सांध्यावर बिजागरीसारखा फिरतो. म्हणून पुढच्या दातांत साधारण ३ मिलिमीटर जागा केली तर उपदाढांत २ आणि मागच्या दाढांत जेमतेम १ मिलिमीटर मिळते. एवढ्या कमी जागेत नव्या दाढेचा माथा बसवायचा, आणि तो चावण्याच्या जोराला टिकलाही पाहिजे. झीज फक्त पुढच्या दातांची असेल तर आणखी एक वाट आहे. १९७५ साली नॉर्वेच्या डाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली. फक्त पुढच्या दातांवर उंची द्यायची आणि मागचे दात काही महिने अधांतरी ठेवायचे. दाढा हळूहळू सरकत परत भेटतात. कल्पना ऐकताना धाडसी वाटते, पण योग्य पेशंट निवडला तर ती चालते.

यावर जुना उपाय म्हणजे सगळ्या दातांना कॅपा. पूर्ण कॅप बसवण्यासाठी दात चहूबाजूंनी कोरावा लागतो. त्यात दाताच्या दिसणाऱ्या भागातला ६० ते ७५ टक्के भाग जाऊ शकतो, असं मोजमाप करून दिसलं आहे. आधीच अर्ध्यावर आलेला दात वाचवण्यासाठी उरलेला निम्म्याहून जास्त कापायचा, हे मला कधीच मनापासून पटलं नाही. नसेला इजा, मग रूट कॅनाल, मग कधीतरी दातच मोडणं, अशी ही उतरण.

ती थांबवली ती चिकटवण्याच्या तंत्राने. १९५५ मध्ये मायकेल ब्युओनोकोर यांनी दाखवलं की फॉस्फोरिक आम्लाने इनॅमल थोडंसं खरखरीत केलं तर राळ, म्हणजे रेझिन हे प्लास्टिकच्या जातीचं द्रव्य, त्याला घट्ट धरते. पुढच्या काही दशकांत डेंटिनलाही चिकटणारी रसायनं आली. आता दात न कापता किंवा अगदी थोडा कापून एखाद मिलिमीटर जाडीचं आवरण त्यावर चिकटवता येतं. २०१७ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन अतिझिजेच्या उपचाराविषयी जे मत मांडलं, त्याचाही रोख हाच होता. कापण्याआधी भर घाला, आणि जमेल तितका दात राखा.

भर घालायची तर ती किती, कुठे आणि कुठल्या आकाराची, हे आधीच पक्कं ठरलेलं लागतं. कापून केलेल्या जागेत चूक लपवायला वाव असतो, एक मिलिमीटरच्या पापुद्र्यात नसतो. डिजिटल तंत्र खऱ्या अर्थाने उपयोगी पडतं ते इथे.

सुरुवात स्कॅनरने होते. जाड पेनासारख्या त्या यंत्राचं टोक दातांवरून फिरवलं की ते प्रकाश टाकतं, परतलेल्या प्रकाशावरून पृष्ठभागाचं अंतर काढतं, आणि अशी शेकडो-हजारो छोटी चित्रं एकमेकांना जोडत जबड्याचा त्रिमितीय आकार उभा करतं. पूर्वी चिकट मसाल्याने भरलेला ट्रे तोंडात धरून माप घ्यायचे. उबळ येणाऱ्या माणसांना ती शिक्षाच असायची. दाताचं असं प्रकाशाने माप घ्यायची कल्पना फ्रान्सच्या फ्रांस्वा ड्युरे यांनी १९७० च्या दशकातच मांडली होती. झुरिकमध्ये मोर्मान आणि ब्रांडेस्टिनी यांच्या यंत्रावर १९८५ मध्ये पेशंट खुर्चीत बसलेला असतानाच सिरॅमिकचं पहिलं फिलिंग कोरून बसवलं गेलं.

स्कॅनरवर आंधळा विश्वास ठेवता येत नाही, हेही सांगितलं पाहिजे. एका-दोन दातांचं माप तो फार अचूक घेतो. पण अख्खा जबडा मोजताना चित्राला चित्र जोडत जावं लागतं. लहान पट्टीने लांबलचक भिंत मोजावी तशी प्रत्येक जोडाला बारीकशी चूक साठत जाते आणि दुसऱ्या टोकाच्या दाढेपर्यंत ती जाणवण्याइतकी होऊ शकते. झिजलेले दात याबाबतीत आणखी त्रास देतात. ते सपाट आणि चकचकीत असतात, त्यांवर ओळखीच्या खाचा-उंचवटे उरलेले नसतात, वर लाळेचा थर. जोडायला खुणाच सापडल्या नाहीत तर सॉफ्टवेअर अडखळतं. म्हणून दात नीट कोरडे करून, ठरलेल्या क्रमाने, घाई न करता स्कॅन करावा लागतो.

दातांचा आकार मिळाला तरी काम निम्मंच होतं. खालचा जबडा वरच्याशी कुठे भेटला पाहिजे? झिजलेल्या तोंडात जुनी भेटण्याची जागा बिघडलेली असते, स्नायूंना चुकीची सवय जडलेली असते. म्हणून पुढच्या दातांमध्ये एक छोटा टेकू ठेवतात. मागचे दात टेकेनासे होतात, स्नायू सैल पडतात, आणि सांधा आपल्या निवांत जागी बसतो. त्याच अवस्थेत, हव्या त्या उंचीवर, दोन्ही जबड्यांचं एकत्र स्कॅन घेतात. इथे एक मोह टाळायला हवा. पडद्यावर एक कळ दाबून जबडा ३ मिलिमीटर ‘उघडता’ येतो, पण सॉफ्टवेअर तो सरासरी माणसाच्या बिजागरीवर उघडतं. समोरच्या माणसाची बिजागरी थोडी पुढे-मागे असली की दाढांच्या टेकण्यात फरक पडतो. त्यामुळे ती उंची तोंडातच ठरवून मग स्कॅन करणं केव्हाही चांगलं. जबड्याची हालचाल टिपणारी उपकरणं आणि चेहऱ्याचं स्कॅन यांनी हा अंदाज आणखी पक्का होतो.

मग पडद्यावर नवे दात घडू लागतात. पूर्वी हे काम तंत्रज्ञ मेणाचा एकेक थेंब ठेवून करत. ज्यांचा मेणावर हात बसला आहे तेच पडद्यावरही उत्तम काम करतात, हे मी वारंवार पाहिलं आहे. डिझाइनची सुरुवात वरच्या पुढच्या दातांपासून, आणि तीही ओठ व चेहऱ्याच्या फोटोवरून. ओठ सैल असताना दात किती दिसावेत, हसताना किती, कडा खालच्या ओठाच्या वळणाशी जुळतात का. ते ठरलं की खालचे पुढचे दात, मग दाढा. सॉफ्टवेअरकडे दातांच्या आकारांचा साठा असतो आणि हल्ली ते स्वतःच आकार सुचवतं. पण त्याची सूचना सरासरी दाताची असते. झोपेत दात खाणाऱ्याला उंच, टोकदार दाढा देऊन चालत नाही, हे माणसाने ठरवायचं.

आता तालीम.

पडद्यावरचा जबडा रेझिनमध्ये प्रिंट होतो. त्यावरून सिलिकॉनचा साचा बनतो. साच्यात दातांच्या रंगाची तात्पुरती राळ भरून तो तोंडात दाबला की काही मिनिटांत जुन्या दातांवर नवे दात चढलेले असतात. दात कोरलेला नाही, इंजेक्शन नाही. पेशंट आरशात पाहतो आणि पुष्कळदा काही क्षण बोलतच नाही. मग मी त्याला बोलायला सांगतो. ‘फोन’, ‘फार’ म्हणताना वरच्या दातांच्या कडा खालच्या ओठाला हलकेच स्पर्शायला हव्यात. ‘सत्तावीस’, ‘सासू’ म्हणताना वरचे-खालचे दात जवळ यावेत, पण टेकू नयेत. टेकून आवाज आला तर उंची जास्त झाली. शिट्टीसारखा ‘स’ ऐकू आला तर कडांचा आकार बदलायचा. यातलं काहीच कॉम्प्युटर ऐकत नाही.

एका बैठकीची ही तालीम दिसण्या-बोलण्यापुरती. चाव्याची उंची पेलते का, हे कळायला दिवस जावे लागतात. त्यासाठी पॉलिकार्बोनेट या चिवट प्लास्टिकचं, दातांच्या रंगाचं, पातळ, काढता-घालता येणारं आवरण कोरून घेतात. ते दातांवर खटकन बसतं. काही आठवडे ते घालून जेवायचं, बोलायचं, झोपायचं. स्नायू दुखतात का, सकाळी जबडा अवघडतो का, हे माणूस स्वतः सांगतो. उंची थोडी वाढवलेली बहुतेकांना मानवते, एखाद्याला नाही मानवत. नाही मानवली तर आवरण काढून ठेवायचं, दात होते तसेच आहेत. दुसरी रीत म्हणजे पारदर्शक साच्यातून पातळ कंपोझिट, म्हणजे राळेत बारीक काचेची पूड मिसळलेलं दातांच्या रंगाचं मिश्रण, थेट दातांवर भरणं. ते चिकटून राहतं, महिनोन्‌महिने वापरता येतं, आणि काही जणांसाठी तेच बराच काळ पुरतं.

तालमीत तुटलेली जागाही कामाची असते. जिथे तडा गेला, तिथे जोर जास्त पडतो. तिथे जाडी वाढवायची किंवा उतार बदलायचा. तोंडातच घासून-भरून आकार मनासारखा झाला की तो पुन्हा स्कॅन करायचा, आणि कायमचे दात त्याच आकाराची हुबेहूब नक्कल म्हणून बनवायचे. पूर्वी तात्पुरत्या दातांवर जमून आलेलं सगळं तंत्रज्ञाला नजरेने नव्याने साधावं लागे, आणि काहीतरी हुकायचंच.

कायमचे दात कशाचे? लिथियम डायसिलिकेट हे काचेच्या जातीचं सिरॅमिक दाताला सुंदर चिकटतं. त्याच्या कोरायच्या ठोकळ्यांचा रंग पाहून पहिल्यांदा पाहणारा चकित होतो, कारण ते निळसर-जांभळे असतात. कोरून झाल्यावर ८४० अंशांच्या आसपास भट्टीत तापवले की आतले स्फटिक बदलतात, ताकद वाढते आणि दाताचा रंग येतो. झिर्कोनिया हा सिरॅमिकचा दुसरा प्रकार त्याच्याहून बराच मजबूत. भट्टीत सुमारे १५०० अंशांवर तो एक-पंचमांशाने आक्रसतो, म्हणून आधी हिशेबाने मोठा कोरतात. पण तो काचेच्या सिरॅमिकइतका सहज चिकटत नाही. आणि कारखान्यात दाबाखाली घट्ट केलेले कंपोझिटचे ठोकळे. ते लवकर झिजतात, टवके उडतात, पण तोंडातल्या तोंडात दुरुस्त होतात. तरुण पेशंटला मी बहुधा कंपोझिट सुचवतो. पुढची चाळीस-पन्नास वर्षं त्या दातांवर कुणाला ना कुणाला पुन्हा काम करावंच लागणार आहे, तेव्हा दात शिल्लक असला पाहिजे. प्रिंट केलेली राळ तालमीसाठी मला मनापासून आवडते, कायमच्या कामासाठी अजून तेवढी भरवशाची वाटत नाही.

कोरणाऱ्या यंत्राचं हत्यार गोल असतं आणि त्याला जाडी असते. दाताच्या कडा धारदार राहिल्या तर ते हत्यार आतल्या कोपऱ्यात शिरत नाही आणि तुकडा नीट बसत नाही. म्हणून कधी कधी धारदार कडा तेवढ्या गोलसर कराव्या लागतात. पण दाताच्या परिघावर उरलेली इनॅमलची कड जपायची, अगदी कंजूषपणे जपायची. चिकटपणाचा सगळ्यात खात्रीचा आधार तीच असते. चिकटवण्याच्या दिवशी रबराच्या पडद्याने दात लाळेपासून वेगळे ठेवतात. त्या दिवशी घाई केली तर आधीच्या सगळ्या अचूकतेला अर्थ उरत नाही.

आणि शेवटी रंगीत कागद. तो दातांत चावला की दात जिथे टेकतात तिथे ठिपके उमटतात. पडद्यावरचे दात दगडात रोवल्यासारखे असतात. खरे दात हाडात बारीक तंतूंवर टांगलेले असतात, चावताना किंचित हलतात. त्यामुळे शेवटचं टेकणं तोंडातच, कागदाच्या ठिपक्यांवर पाहून जुळवायचं. त्यानंतर रात्री घालायचं संरक्षक आवरण. झोपेत दात खाण्याची सवय नव्या दातांनी जात नाही, आवरण न घालणाऱ्यांचे टवके उडतात. पाच-सहा वर्षांनी एखादा तुकडा निघालाच, तर त्या दाताचा आकार फाइलमध्ये जसाच्या तसा असतो.

उपचाराची गरज नसलेल्यांसाठीही याचा उपयोग आहे. तरुण वयात झीज सुरू झालेली दिसली तर एक स्कॅन करून ठेवायला सांगा. एक-दोन वर्षांनी दुसरा स्कॅन घेऊन पहिल्यावर ठेवला की कुठे किती गेलं ते रंगांत दिसतं. काही दहा-वीस मायक्रॉनच्या फरकावर विसंबू नये, तेवढी चूक स्कॅनरचीही असू शकते. पण फरक त्याहून मोठा आणि एकाच जागी वाढत असेल, तर जठराचं, आम्लाचं किंवा झोपेचं कारण तेव्हाच शोधता येतं, दात पूर्ण उंचीचे असतानाच. ती फाइल स्वतःकडेही मागून घ्या. ती सहसा एसटीएल या प्रकारात असते आणि दंतवैद्य बदलला तरी उघडते.